शिट्टी हातात घेण्याआधी : कोल्हापूरच्या तालीम मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील तालीम मंडळांचे पदाधिकारी आणि त्यांच्या फुटबॉल संघांची जबाबदारी घेऊ पाहणारे माजी खेळाडू यांस,

सप्रेम नमस्कार.

हंगाम संपला की पेठापेठांत एकच विषय निघतो : पुढच्या वर्षी संघ कोणाकडे द्यायचा? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ज्यानं वर्षानुवर्षं मधली फळी सांभाळली, ज्याच्या पायाशी बॉल आला की शाहू स्टेडियमची गॅलरी उठून उभी राहायची, तो आता खेळत नाही, तेव्हा संघ त्याच्याकडे द्या. या निर्णयामागची माया आम्हाला कळते. माजी खेळाडूनंच संघ घडवावा, असं आम्हालाही मनापासून वाटतं. आमचं म्हणणं एवढंच आहे, की खेळणं थांबवणं आणि शिकवणं सुरू करणं यांच्यामध्ये एक पायरी असते आणि ती आपल्याकडे गाळली जाते. बूट काढले त्याच महिन्यात शिट्टी गळ्यात पडते. पुढं संघ दोन सामने हरला की त्याच लाडक्या खेळाडूच्या नावानं कट्ट्यावर बोटं मोडली जातात.

ती पायरी कशी असते, हे एका माणसाच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतं, म्हणून हे पत्र त्याच्याबद्दल आहे. कार्लो अँचेलोटी. खेळाडू म्हणून दोन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग), प्रशिक्षक म्हणून पाच चॅम्पियन्स लीग (२००३, २००७, २०१४, २०२२, २०२४) आणि इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्पेन या पाचही मोठ्या देशांची लीग जिंकणारा पहिला प्रशिक्षक. ही यादी तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. ती कशी तयार झाली, त्यात काय काय चुकलं आणि चुकलेलं कसं दुरुस्त केलं, ते आम्हाला सांगायचं आहे. त्यातलं बरंचसं आपल्या मैदानावर, आपल्या खेळाडूंना घेऊन करता येण्यासारखं आहे.

१० जून १९५९ रोजी उत्तर इटलीतल्या रेज्जोलो या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. घरी शेती आणि गाई. पार्मा संघाकडून मिडफिल्डर म्हणून सुरुवात केली आणि १९७९ मध्ये संघाला वरच्या गटात नेणाऱ्या निर्णायक सामन्यात दोन गोल केले. त्या वेळी पार्माचे प्रशिक्षक होते चेझारे मालदिनी. मग आठ वर्षं रोमा. तिथं १९८३ मध्ये लीग जिंकली, पण गुडघ्यांनी दगा दिला. १९८१ च्या दुखापतीमुळे १९८२ चा विश्वचषक हुकला आणि १९८३ च्या दुखापतीमुळे १९८४ ची युरोपियन कपची फायनल, तीही रोममध्येच झालेली. ज्याचे गुडघे असे असतात त्याला धावून बॉल पकडता येत नाही, बॉल कुठं येणार हे आधी ओळखून तिथं उभं राहावं लागतं. पुढच्या प्रशिक्षकाचं बी इथंच पडलं असावं, असं आमचं मत आहे.

१९८७ मध्ये ते मिलानला आले तेव्हा २८ वर्षांचे होते आणि इटलीकडून खेळलेले होते. तिथले प्रशिक्षक आरिगो साक्की स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते. साक्कींच्या खेळात दहाही जण बॉलबरोबर एकत्र सरकत. अँचेलोटींना सुरुवातीला ते जमेना. क्लबचे मालक बर्लुस्कोनी यांनी तक्रार केली, की या वाद्यवृंदाच्या संचालकाला स्वरलिपीच वाचता येत नाही. साक्कींनी काय केलं? अँचेलोटींना रोज सरावाच्या एक तास आधी बोलावलं, ज्युनिअर संघातली काही पोरं बरोबर दिली आणि प्रत्येक हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतली. देशाकडून खेळलेला माणूस ज्युनिअर पोरांबरोबर एबीसीडीपासून शिकत होता. आपल्याकडे नावाजलेल्या खेळाडूला कोणी असं सांगेल का, आणि सांगितलं तर तो येईल का? हा प्रश्न दोन्ही बाजूंना आहे.

साक्कींचा एक सराव इथं सविस्तर देतो, कारण तो करायला मैदान, पंधरा माणसं आणि एक बॉल यापलीकडे काही लागत नाही. मिलानचे डच खेळाडू रूड खुलित आणि मार्को व्हॅन बास्टन यांना साक्कींची शिस्त पटत नव्हती. तेव्हा साक्कींनी एका बाजूला पाच जण उभे केले : गोलकीपर जोव्हानी गाली आणि पुढं तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, पाओलो मालदिनी. दुसऱ्या बाजूला दहा जण : खुलित, व्हॅन बास्टन, रायकार्ड, दोनादोनी, अँचेलोटी आणि आणखी पाच. दहा जणांना पंधरा मिनिटं दिली. नियम एकच : पाच जणांनी बॉल जिंकला, की दहा जणांनी स्वतःच्या हाफमध्ये दहा मीटर आत जाऊन पुन्हा सुरुवात करायची. पंधरा मिनिटांत एकही गोल झाला नाही. हा सराव नंतरही अनेकदा झाला आणि गोल कधीच झाला नाही.

आपल्याकडे हा सराव करताना काय चुकतं तेही सांगतो. पहिली चूक म्हणजे चौघे बॅक बॉलकडे बघत एकेकटे सुटतात. ज्याच्या अंगावर बॉल येतो त्यानं पुढं जायचं, शेजारच्यानं त्याच्या मागं तिरकं सरकायचं आणि लांबच्या दोघांनी आत यायचं. चौघांमध्ये जणू दोरी बांधली आहे असं समजा. एक सरकला की बाकीच्या तिघांना ओढ बसली पाहिजे. दुसरी चूक गोलकीपरची. तो रेषेवर चिकटून राहतो आणि बॅकच्या पाठीमागं पडलेल्या लांब पासला कोणी वाली उरत नाही. तिसरी चूक प्रशिक्षकाची : दहा जणांनी पटकन गोल केला की तो सराव थांबवतो आणि पाच जणांना झापतो. पहिल्या आठवड्यात गोल होणारच. दर पंधरा मिनिटांत किती झाले ते वहीत लिहा आणि तिसऱ्या आठवड्यातला आकडा पहिल्याच्या शेजारी ठेवा. साक्कींचा दुसरा सराव बॉलशिवायचा. अकरा जण मैदानावर, बॉल कुठं आहे ते प्रशिक्षकानं फक्त ओरडून सांगायचं, आणि सगळ्यांनी त्याप्रमाणं सरकायचं. शेवटचा बॅक आणि पुढचा फॉरवर्ड यांच्यात साधारण २५ मीटर अंतर राहिलं पाहिजे. आपल्या बहुतेक सामन्यांत साठाव्या मिनिटानंतर हे अंतर दुप्पट झालेलं असतं. बॅक थकून मागं राहतात, फॉरवर्ड पुढं थांबतात आणि मधली दोघं-तिघं उघड्या माळावर पळत सुटतात. मग लोक म्हणतात, ‘हाफना (म्हणजे मधल्या फळीला) दम नाही’. दम असतो हो, अंतरच जास्त पडलेलं असतं.

त्या मिलाननं १९८९ च्या सेमीफायनलमध्ये रेआल माद्रिदला सान सिरोवर ५-० असं धुतलं. पहिला गोल लांबून मारला तो अँचेलोटींनी. १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप आले. १९९२ मध्ये त्यांनी खेळणं थांबवलं.

आता या पत्राचा गाभा. खेळणं थांबल्यावर त्यांनी लगेच संघ घेतला नाही. साक्की इटलीचे प्रशिक्षक झाले होते, त्यांच्या हाताखाली अँचेलोटी तीन वर्षं सहाय्यक राहिले. १९९४ चा विश्वचषक त्यांनी अमेरिकेत बेंचवरून पाहिला आणि ब्राझीलविरुद्धची फायनल टायब्रेकरमध्ये हातातून गेली तीही तिथूनच. सामना पाहणं, नोंदी ठेवणं, दुसऱ्याच्या निर्णयाची अंमलबजावणी करणं, बदली खेळाडूचं तोंड पडलं की त्याच्याशी बोलणं ही सगळी कामं आधी झाली, स्वतःचा संघ नंतर. पुढं २०१३-१४ मध्ये माद्रिदला अँचेलोटींच्या शेजारी सहाय्यक म्हणून कोण बसलं होतं? झिनेदिन झिदान. मग झिदाननं माद्रिदचा दुसरा संघ सांभाळला आणि २०१६ च्या जानेवारीत मुख्य संघ घेतला. पुढच्या अडीच वर्षांत तीन चॅम्पियन्स लीग. ज्याच्या पायात एवढी जादू होती, त्यालाही कोणाच्या तरी शेजारी बसावं लागलं.

याच्या उलट उदाहरण इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो याचं आहे आणि ते सांगताना आम्हाला आनंद होत नाही, कारण त्याच्या खेळावर आमचं फार प्रेम आहे. इटलीतल्या युव्हेंटस क्लबनं २०२० च्या जुलैअखेर त्याला २३ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक नेमलं. दीड आठवडाही झाला नव्हता, तोच मुख्य संघ त्याच्या हाती दिला. त्या संघाबरोबर त्यानं एकही सामना काढला नव्हता. युव्हेंटसनं त्याआधी सलग नऊ लीग जिंकल्या होत्या. पिर्लोच्या वर्षी संघ चौथा आला. इटालियन कप जिंकूनही हंगाम संपताच त्याला काढलं. पिर्लोला फुटबॉल कळत नाही असं कोण म्हणेल? पायरी मात्र गाळली गेली होती.

अर्थात पायरी चढली म्हणजे चुका संपत नाहीत. अँचेलोटींनी १९९५ मध्ये आपल्या भागातला रेज्जाना हा संघ घेतला. सुरुवातीला संघ दुसऱ्या गटात तळाला होता, तरी क्लबनं धीर धरला आणि हंगामाअखेर संघ पहिल्या गटात गेला. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं, ही विनंती.

पुढचं स्टेशन पार्मा. इथं त्यांच्या हातून जी चूक झाली ती प्रत्येक माजी खेळाडूच्या हातून होते : आपण ज्या पद्धतीनं जिंकलो तीच पद्धत खरी असं मानणं. साक्कींची ४-४-२ त्यांच्या अंगात भिनली होती. मागं चार बॅक, दोन बाजूला दोन हाफ, मध्ये दोन, पुढं दोन सरळ फॉरवर्ड. या आराखड्यात फॉरवर्डच्या मागं मोकळा फिरणाऱ्या दहा नंबरच्या खेळाडूला जागाच नाही. संघात जानफ्रांको झोला होता, त्याला डाव्या बाजूला ढकललं. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये तो इंग्लंडमधल्या चेल्सीला गेला आणि तिथं लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. पुढच्या वर्षी रॉबेर्टो बॅजिओ पार्माला यायला तयार होता, पण त्याला फॉरवर्डच्या मागं खेळायचं होतं. अँचेलोटींनी नकार दिला. बॅजिओ बोलोन्याला गेला आणि त्या हंगामात त्यानं लीगमध्ये २२ गोल केले. पहिल्या वर्षी पार्मा दुसऱ्या क्रमांकावर, युव्हेंटसपेक्षा अवघ्या दोन गुणांनी मागं होता, म्हणजे पद्धत वाईट नव्हती. चूक अशी, की आराखडा आधी ठरला आणि माणसं त्यात कोंबली. अँचेलोटींनी पुढं ही चूक जाहीरपणे मान्य केली आहे.

आपल्याकडे हे असं होतं : तालमीत एखादा पोरगा असतो, अंगानं बारीक, टॅकलला कच्चा, पण मान वर करून पास देणारा. प्रशिक्षक स्वतः जुना दणकट सेंटर हाफ. तो या पोराला बाजूला ठेवतो किंवा विंगवर टाकतो, कारण त्याच्या डोक्यातल्या मधल्या फळीत असा पोरगा बसत नाही. दोन वर्षांनी तो पोरगा दुसऱ्या पेठेकडून खेळतो आणि आपल्यावरच गोल करून जातो.

युव्हेंटसमध्ये १९९९ ला अँचेलोटींसमोर झिदान होता. झिदानला विंगवर ढकलणार कोण? त्यांनी मागं तीन बॅक ठेवले आणि झिदानला दोन फॉरवर्डच्या मागं मोकळं सोडलं. आराखडा माणसासाठी बदलण्याची ही पहिली वेळ. दोन्ही पूर्ण हंगामांत संघ दुसरा आला. २००० साली शेवटच्या दिवशी पेरुजाच्या मैदानावर धो धो पाऊस पडला, सामना तासाहून अधिक वेळ थांबला आणि मग ०-१ हार झाली. एका गुणानं लीग लाझिओकडे गेली. पुढच्या वर्षी रोमानं मागं टाकलं. त्यांना काढण्यात आलं.

त्या दुसऱ्या वर्षातला एक क्षण मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल २००१, तूरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध ब्रेशा. युव्हेंटसच्या बेंचवर अँचेलोटी. ब्रेशाकडे बॅजिओ होता, तोच नाकारलेला. दहा नंबरची जागा त्याची असल्यामुळे ब्रेशाचे प्रशिक्षक कार्लो मात्झोने यांनी दुसऱ्या एका दहा नंबरवाल्या तरुणाला थेट बॅकच्या पुढं, मधल्या फळीच्या तळाशी आणून ठेवलं होतं. तो तरुण म्हणजे पिर्लो. सामना संपत आला असताना पिर्लोनं मधून एक लांब, उंच पास टाकला. बॅजिओनं पळता पळता तो एका स्पर्शात खाली घेतला, त्याच स्पर्शात गोलकीपरला चुकवलं आणि रिकाम्या गोलात बॉल ढकलला. १-१. अँचेलोटींनी बेंचवरून एकाच चालीत दोन धडे पाहिले : नाकारलेला दहा नंबर काय करू शकतो आणि तळाशी ठेवलेला दहा नंबर काय करू शकतो.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते मिलानचे प्रशिक्षक झाले. पिर्लो तिथं आलेला होता. पुढच्या वर्षी रिवाल्डो आणि सीडॉर्फही आले, रुई कोस्टा आधीच होता. म्हणजे एकाच खोलीत चार दहा नंबर. पार्माचे अँचेलोटी असते तर यातले तिघे विकले गेले असते. मिलानच्या अँचेलोटींनी चौघांना जागा दिली. पिर्लो बॅकच्या पुढं. त्याच्या उजवीकडं गात्तुसो, बॉल हिसकावणारा, पळणारा. डावीकडं सीडॉर्फ. पुढं रुई कोस्टा आणि रिवाल्डो, किंवा त्यांतला एक आणि दोन फॉरवर्ड. पहिली मांडणी, टोकाला एकच फॉरवर्ड धरून, मागून पुढं मोजली तर ४-३-२-१. आकार निमुळता होत जातो म्हणून इटलीत याला नाताळच्या झाडाचं नाव मिळालं.

हा आराखडा आपल्याकडे कोणी वापरणार असेल, तर त्याचे भाग नीट समजून घ्या. तळाशी उभ्या असलेल्या पासरला दोन गोष्टी लागतात : बॉल घेण्याआधी खांद्यावरून मागं बघायची सवय आणि दोन्ही बाजूंना पळणारे दोन हाफ. तो स्वतः टॅकलला जाणार नाही, गेला तर मध्ये भगदाड पडेल. विंगवर कोणी नसतं, म्हणून रुंदी फक्त साइड बॅक देतात. त्यातला एक वर गेला की त्याच बाजूच्या हाफनं त्याची जागा राखायची आणि दुसऱ्या साइड बॅकनं मागं थांबायचं. दोघं एकाच वेळी वर गेले तर मागं दोन सेंटर बॅक आणि एक पासर एवढेच उरतात. मैदान ६८ मीटर रुंद, त्यावर मधले तिघे. समोरच्या संघानं बॉल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पटकन फिरवला, की लांबचा हाफ उशिरा पोहोचणार. त्यावर उपाय म्हणजे बॉल फिरू न देणं : पुढच्या दोघांपैकी एकानं त्यांच्या मधल्या खेळाडूवर उभं राहायचं, म्हणजे बॉलला मधून रस्ता मिळत नाही, बॅककडे मागं जाऊन फिरावं लागतं आणि आपल्या हाफना सरकायला तेवढा वेळ मिळतो. हे काम मनापासून करणारा दहा नंबर नसेल, तर हा आराखडा वापरू नका.

२००३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसला टायब्रेकरमध्ये हरवून मिलाननं चॅम्पियन्स लीग जिंकली. २००४ मध्ये ३४ सामन्यांत ८२ गुण करून लीग जिंकली. आणि मग आलं इस्तंबूल, २५ मे २००५.

लिव्हरपूलविरुद्ध हाफटाइमला ३-०. मधली फळी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची : पिर्लो तळाला, गात्तुसो आणि सीडॉर्फ बाजूंना, ब्राझीलचा काका टोकाला. पहिल्या हाफमध्ये लिव्हरपूलच्या मधल्या दोघांच्या पाठीमागं काका मोकळा सुटत होता. हाफटाइमला लिव्हरपूलनं साइड बॅक काढून दीतमार हामान हा बचावात्मक हाफ आणला, मागं तीन बॅक ठेवले आणि जेरार्डला पुढं सोडलं. हामान काकाच्या जागेत उभा राहिला, तिकडची वाट बंद झाली. आणि दोन्ही बाजूंना लिव्हरपूलचा एकेक माणूस मोकळा झाला, कारण या चौकटमध्ये पार कडेला, विंगवर, कोणी नसतंच. ५४ व्या मिनिटाला डावीकडून रीसेचा क्रॉस आणि जेरार्डचं हेड. ५६ व्या मिनिटाला उजवीकडच्या श्मिट्सरचा लांबून शॉट. ६० व्या मिनिटाला पुढं घुसलेल्या जेरार्डला गात्तुसोनं पाडलं, पेनल्टी, ३-३. सहा मिनिटं लागली. टायब्रेकरमध्ये मिलान हरला.

लोक याला नशीब म्हणतात आणि नशिबाचा वाटा होताच, पुढं मिलाननंही गोलच्या संधी घालवल्या. पण प्रशिक्षकानं इथं थांबून पाहावं : समोरच्यानं माणूस बदलला, त्यामुळे आपली कोणती जागा उघडी पडली आणि ती ओळखायला आपल्याला किती मिनिटं लागली? सामन्यात हे उत्तर पाच मिनिटांत मिळायला हवं, आणि ते एकट्याला मिळत नाही. बेंचवर एका माणसाला फक्त समोरच्या संघाकडे बघायला बसवा. आपल्या बेंचवर साधारण दहा जण असतात आणि दहाही जण बॉलकडे बघून ओरडत असतात.

दोन वर्षांनी, २००७ मध्ये, अथेन्सला पुन्हा लिव्हरपूलच समोर होतं. या वेळी अँचेलोटींनी पुढं एकच फॉरवर्ड ठेवला, फिलिपो इन्झागी, आणि मधल्या फळीत अंब्रोसीनीला घेऊन एक पळणारा माणूस वाढवला. सीडॉर्फ आणि काका इन्झागीच्या मागं. २-१, दोन्ही गोल इन्झागीचे.

चेल्सीत पहिल्याच वर्षी लीग आणि एफए कप, लीगमध्ये १०३ गोल. दुसऱ्या वर्षी दुसरा क्रमांक आणि शेवटच्या सामन्यानंतर लगेच हकालपट्टी. पॅरिसला २०१३ ची लीग. यावर जास्त लिहीत नाही.

माद्रिदला २०१३ मध्ये आंखेल दी मारिया होता. पळणारा, डाव्या पायाचा विंगर. गॅरेथ बेल आला आणि विंगवर जागा उरली नाही. अँचेलोटींनी दी मारियाला आत, तीन मिडफिल्डरमधल्या डाव्या जागेवर आणलं. बॉल आपल्याकडे असताना संघ ४-३-३, बॉल गेला की बेल उजवीकडं मागं यायचा, दी मारिया डावीकडं सरकायचा आणि ४-४-२ व्हायचं. रोनाल्डोला परत पळायची गरज उरली नाही. एका माणसाच्या दुप्पट धावण्यावर दुसऱ्याची मोकळीक उभी होती. लिस्बनच्या फायनलमध्ये ९३ व्या मिनिटाला रामोसनं कॉर्नरवर हेडनं बरोबरी केली आणि जादा वेळेत ४-१ झालं. बेलचा गोल आला तो दी मारियानं डावीकडून आत घुसून मारलेल्या शॉटच्या परतीवर. माद्रिदच्या दुसऱ्या मुक्कामात, २०२२ मध्ये, तेच काम उजवीकडं व्हाल्व्हेर्देनं केलं : कागदावर विंगर, प्रत्यक्षात चौथा मिडफिल्डर. २०२४ मध्ये बेन्झेमा गेलेला, कुर्त्वा आणि मिलितांव गुडघ्यांच्या दुखापतींनी बाहेर. तेव्हा बेलिंगहॅमला दोन फॉरवर्डच्या मागं ठेवलं. त्यानं लीगमध्ये १९ गोल केले आणि बॉल गेला की तोच डावीकडं जाऊन चौथा हाफ व्हायचा.

आणि २०२४-२५ मध्ये हेच बिघडलं. एम्बापे आला, क्रूस निवृत्त झाला. एम्बापे, व्हिनिसियस, रॉद्रिगो, बेलिंगहॅम चौघं एकत्र खेळले की बॉल गेल्यावर मागं येणारे पुरेसे उरत नसत, आणि तळातून शांतपणे पास देणारा क्रूसही नव्हता. त्या हंगामात बार्सिलोनाविरुद्धचे चारही सामने हरले आणि त्यात सोळा गोल खाल्ले. आर्सेनलनं चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टरफायनलमध्ये ३-० आणि २-१ असं बाहेर काढलं. तेच अँचेलोटी, तोच अनुभव. पळणाऱ्यांची संख्या एकानं कमी झाली, की नामवंतांची फळीही उघडी पडते. बाहेरून दोन महागडे फॉरवर्ड आणायला निघालेल्या प्रत्येक मंडळानं हा हंगाम समोर ठेवावा. आधी विचारा, मागं कोण येणार?

पदाधिकाऱ्यांसाठी आणखी एक प्रसंग. २०१९ च्या नोव्हेंबरात नापोलीच्या मालकांनी संघाला आठवडाभर सराव केंद्रातच राहण्याचा आदेश दिला. हा निर्णय आपल्याला मान्य नाही, असं अँचेलोटींनी जाहीरपणे सांगितलं. साल्झबुर्गविरुद्धच्या १-१ सामन्यानंतर खेळाडूंनी आदेश धुडकावला आणि घरी गेले. अँचेलोटी मात्र केंद्रात गेले. महिनाभरात, गेंकला ४-० हरवून संघ पुढच्या फेरीत पोहोचला त्याच रात्री, त्यांना काढलं. प्रशिक्षकाच्या डोक्यावरून खेळाडूंना हुकूम गेला, की ड्रेसिंग रूममध्ये त्याचा शब्द उरत नाही, मग तो तोवर चार देशांची लीग जिंकलेला का असेना.

आमच्या मागण्या अशा. खेळणं थांबवलेल्या खेळाडूला किमान एक पूर्ण हंगाम सहाय्यक म्हणून बसवा. मंडळाच्या ज्युनिअर संघाची जबाबदारी त्याला त्याच वर्षी द्या, सीनिअरची नको. त्या वर्षात त्यानं फेडरेशनचा परवान्याचा कोर्स करावा, आणि त्याची फी मंडळानं भरावी. एका खेळाडूच्या मानधनापुढं तो खर्च मोठा नाही. मुख्य प्रशिक्षक नेमला की हंगाम संपेपर्यंत बदलायचा नाही, हे नेमणुकीच्या कागदावर लिहून द्या. संघनिवडीसाठी कोणा पदाधिकाऱ्याचा फोन त्याला जाणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

माजी खेळाडूंनो, तुमच्याकडे एक मागणी. फ्लोरेन्सजवळ कोव्हेर्चानो इथं इटलीच्या प्रशिक्षकांची शाळा आहे, तिथं परवान्यासाठी प्रबंध लिहावा लागतो. अँचेलोटींनी १९९७ मध्ये लिहिला, विषय होता फुटबॉलचं भविष्य आणि वाढती गतिमानता. तुम्हीही सहाय्यकाच्या त्या वर्षात दहा पानं लिहा, वहीत, मराठीत. संघातल्या प्रत्येक पोराच्या नावासमोर तीन गोष्टी : बॉल मिळाल्यावर तो काय चांगलं करतो, बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय करतो, आणि साठाव्या मिनिटानंतर त्याच्यात काय बदलतं. आराखडा शेवटच्या पानावर, ही नावं भरून झाल्यावर.

अँचेलोटी २०२५ च्या मेमध्ये ब्राझीलचे प्रशिक्षक झाले. १० जूनला, त्यांच्या ६६ व्या वाढदिवशी, पॅराग्वेला १-० हरवून ब्राझीलनं विश्वचषकातली जागा पक्की केली.

नवा हंगाम सुरू होण्याआधी पंधरा मिनिटांचा तो पाच विरुद्ध दहाचा सराव मैदानावर लावा. गोलकीपर आणि चार बॅक एका बाजूला, उरलेले दहा जण दुसऱ्या बाजूला. वही आणि घड्याळ सहाय्यकाच्या हातात द्या.

आपले नम्र,
फुटबॉलचा अभ्यास करणारे काही कोल्हापूरकर